आठ ते आठ

"निसर्ग आपले नियम कोणासाठीही बदलत नाही," असं गंभीरपणे म्हणून तिरोडकर साहेबांनी अहवालाच्या मसुद्याचं सतरावं पान उलटलं. सतराव्या पानावर कोंडवी नदीला पूर आला होता बारा ऑगस्टला, आणि तो आणणारा पाऊस पडला होता तेरा ऑगस्टला.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पान तसंच राहिलं.

"हुद्देदार, हे कसं काय?"

"तेच मी दोन दिवस बघतोय सर," प्राध्यापक हुद्देदार म्हणाले. त्यांच्यासमोर आलेखाच्या कागदाची भेंडोळी पसरली होती. "पाऊस सुरू झाल्यापासून नदी फुगेपर्यंत जो वेळ जातो, तो इथे, पाऊस तेराच्या सकाळी आठपासून धरला तर, उणे साडेतेरा तास येतोय."

"उणे?"

"उणे. म्हणजे नदीनं पावसाची वाट बघितलेली नाही. केस फार इंटरेस्टिंग आहे सर. यावर पेपर होईल."

ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. समितीचं नाव होतं 'कोंडवी नदीखोऱ्यातील अतिवृष्टी व तदनुषंगिक महापूर यांचे विश्लेषण करून जबाबदारी निश्चित करणारी समिती'. नदी उगमापासून संगमापर्यंत एकूण एकाहत्तर किलोमीटर. नाव वाचताना ती मध्येच संपून जायची. तिरोडकर साहेब अध्यक्ष होते. मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झालेले, आणि तसं झाल्याचं त्यांना कुणी अजून पुरतं कळवलं नसावं असं वागणारे. हुद्देदार अभियांत्रिकी महाविद्यालयात जलविज्ञान शिकवायचे. एकतीस वर्षांच्या नोंदींवरून शंभर वर्षांतून एकदा पडणारा पाऊस ते काढून दाखवत. राहिलेल्या एकोणसत्तर वर्षांचं काय, असं मी एकदा विचारलं, तेव्हा ती सूत्रातून येतात असं कळलं. तिसरे सदस्य पहिल्या बैठकीनंतर आजारी पडले ते अहवालावर सही करण्यापुरते बरे झाले. आणि मी, गणपुले, सहायक अभियंता, वय एकतीस. समितीला 'सचिवीय साहाय्य' पुरवण्याचं काम माझ्याकडे होतं. म्हणजे फायली, तक्ते आणि चहा.

"यात इंटरेस्टिंग काही नाही," तिरोडकर साहेब म्हणाले. "सरळ आहे. बाराला पाऊस नव्हता. तरी पूर आला. मग पाणी आलं कुठून? धरणातून. धरणाची दारं बाराला दुपारी चार वाजता उघडली गेली. कोणी उघडली?"

"मगदूमनं सर," मी म्हणालो.

"मग झालं तर! माणसानं कारण नसताना दारं उघडली, मालेवाडीची बाजारपेठ बुडाली, बेचाळीस घरं गेली. कार्यकारणभाव इतका स्वच्छ मी नोकरीत कधी पाहिला नाही. बडतर्फीची शिफारस करा."

"पण सर, धरणाच्या पातळीच्या नोंदवहीत बाराला सकाळपासून पाणी चढताना दिसतंय. तासातासाला."

"ती नोंदवही कोण लिहितं?"

"मगदूम."

"अस्सं," साहेब म्हणाले, आणि मी विनोद केल्यासारखे हसले.

खरं सांगायचं तर माझाही संताप व्हायला लागला होता, आणि कुणावर व्हावा हे ठरत नव्हतं. धरण घाटाच्या पायथ्याला, घोणशीला. मालेवाडी तिथून बावीस किलोमीटर खाली, सपाटीवर. बारा तारखेला मालेवाडीत थेंब पडला नव्हता. आमच्या विभागीय कार्यालयाच्या गावात तर स्वच्छ ऊन होतं. पाऊस पडला तो वर घाटात, आणि घाटात विचारायला जायला समितीला जीप मिळत नव्हती, कारण ती समितीच्या सदस्यांना आणायला-सोडायला लागत होती.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर मगदूम बसला होता. बाबू आप्पा मगदूम, घोणशी धरणाचा द्वारचालक, वय चौपन्न. गेले तीन दिवस तो सकाळच्या एस.टी.नं यायचा, समिती कधी बोलावील म्हणून बसायचा आणि संध्याकाळच्या एस.टी.नं जायचा. माणूस उंच होता, पण बाकावर बसून बसून घडी घातल्यासारखा झाला होता.

मी बाहेर आलो तसा तो उठला.

"काय साहेब, निघतंय का काही?"

"निघतंय. अजून एक-दोन दिवस."

"काय म्हणत्यात?"

"म्हणतात पाऊस नव्हता."

त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे, ऐकू नीट आलं का, या शंकेनं.

"पाऊस न्हवता?"

"तक्त्यात तेराला दाखवलाय. तुम्ही दारं बाराला उघडली."

"साहेब, बाराला सकाळी धा वाजल्यापासनं समोरचा डोंगर दिसत न्हवता. मी काय हौसंनं उघडली व्हय? माझं घर मालेवाडीत हाय. बाजाराच्या मागंच. माझ्याच घरात कमरेएवढं पाणी शिरलं. बायको शेजारच्या गच्चीवर बसून हुती. आपलं घर बुडवाय कोण दारं उघडतंय?"

"हे समितीला सांगा."

"समिती बोलवू तर दे." तो परत बसला. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "नोकरीचं जाऊ द्या साहेब. चार वर्सं राह्यल्यात. पण गावात लई अवघड झालंय. गिरणीवाला दळण घेत न्हाई. डबा ठेवला की डबा तसाच परत येतो, दाणं आत. तोंडानं काय बोलत न्हाई. बायको सहा किलोमीटरवर दुसऱ्या गावाला दळाय जाती. देवळात गेलो की लोक घंटा वाजवायची थांबत्यात. मला फक्त एक वळ पायजे, सरकारी कागदावर. पाऊस आधी पडला, दारं मागनं उघडली. एवढीच. ती नेऊन मी गिरणीत लावतो."

"बघतो."

"मी फोन बी लावला हुता साहेब त्या दिवशी. सकाळी अकरा वाजता."

"ते समितीपुढं येईलच," मी म्हणालो आणि चहावाल्याला हाक मारली.

त्या संध्याकाळी मी मूळ पावसाचे तक्ते काढले. खोऱ्यातला सगळ्यात मोठा आकडा घाटातल्या वरच्या घोणशीचा होता: दोनशे चौदा मिलिमीटर. तिथलं पर्जन्यमापक प्राथमिक शाळेच्या मागं बसवलेलं होतं आणि त्याचं वाचन शाळेचे हेडमास्तर सुतार गुरुजी करत. गुरुजींचा हस्तलिखित तक्ता आमच्या टंकलेखकानं टंकित केला होता. गुरुजींच्या छापील नमुन्यात पहिल्या रकान्याला एकच शब्द होता: 'दिनांक'. आमच्या टंकित तक्त्यात तिथं होतं: 'पाऊस पडल्याचा दिनांक'.

मी टंकलेखकाला विचारलं, "मिरजकर, हे तुम्ही कुठून आणलंत?"

"रकाना रुंद होता साहेब. शब्द एकटा पडल्यासारखा दिसत होता."

"म्हणून आणखी दोन शब्द घातलेत?"

"खाली 'तपासले' म्हणून तुमची सही आहे," मिरजकर म्हणाला. होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी एस.टी.नं घोणशीला आणि तिथून दुधाच्या टेम्पोनं वरच्या घोणशीला गेलो. सुतार गुरुजी शाळेच्या ओट्यावर बसून वह्या तपासत होते. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, खिशाला तीन पेनं. मी कोण, कशाला आलो हे सांगितल्यावर त्यांनी आधी मला पर्जन्यमापक दाखवलं. भोवती कुंपण, कुंपणाला दार, दाराला कुलूप, आणि आत गुडघ्याएवढं नळकांडं.

"एकोणीस वर्षांत एक दिवस चुकलेला नाही," गुरुजी म्हणाले. "थोरल्या मुलीच्या लग्नादिवशी हळद लागायच्या आधी येऊन वाचन घेतलं. आठ म्हणजे आठ."

"गुरुजी, तुम्ही तेरा ऑगस्टला दोनशे चौदा लिहिलंय."

"लिहिलंय."

"तेराला पाऊस होता?"

"कुठला हो! तेराला उघडीप होती. मंडळींनी पापड वाळत घातले होते."

"मग दोनशे चौदा मिलिमीटर आला कुठून?"

"पडला की आदल्या दिवशी. बाराला."

"मग तो तेराला का लिहिलात?"

गुरुजींनी माझ्याकडं, नापास होणाऱ्याकडं बघावं तसं, काळजीनं बघितलं.

"तेराला मोजला ना. न मोजलेला पाऊस आधीच कसा लिहायचा?"

"पण पडला बाराला."

"साहेब, पडतो तो कधीही. त्याला काही वेळापत्रक नाही. सकाळी आठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ हा पावसाचा एक दिवस. ज्या सकाळी मोजला त्या सकाळची तारीख. ही शिस्त आहे. तुम्हाला कॉलेजात शिकवलं नाही?"

शिकवलं होतं. दोन गुणांना होतं. मला ते येतही होतं. फक्त हा प्रश्न परीक्षेबाहेर कुणी विचारील असं वाटलं नव्हतं.

"गुरुजी, हे मला लिहून द्याल? म्हणजे, की हा पाऊस प्रत्यक्षात बाराला पडला."

"आकडा बदलायचा असेल तर देणार नाही."

"आकडा नाही बदलायचा. तारीखही नाही. फक्त ती तारीख कशाची, एवढंच."

"मग देतो. पण पूर्ण देतो. अर्धवट जबाब मला आवडत नाही." आणि गुरुजींनी फुलस्केप घेऊन, समास आखून, सुवाच्य अक्षरात दीड पान जबाब लिहिला. बारा ऑगस्टला सकाळी आठ वाजता आकाश भरून आलं. दहाच्या सुमारास मुसळधार पाऊस सुरू झाला. साडेदहाला ओढ्याला पाणी वाढल्यामुळं शाळा सोडण्यात आली. दुपारी साडेतीनपर्यंत पाऊस अखंड. त्यानंतर रिपरिप, रात्री नऊला थांबला. मापकाची बाटली दहा लिटरची असून ती ओसंडली नाही, सबब आकडा विश्वासार्ह आहे.

मी तो कागद घडी न घालता, दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून आणला. टेम्पोत दुधाच्या कॅनवर बसून येताना मी स्वतःवर इतका खूश होतो, की ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, साहेब, मुलगा झाला का म्हणून.

सोमवारी समिती बसली. मी गुरुजींचा जबाब पुढं ठेवला आणि सगळं उलगडून सांगितलं. पाऊस बाराला, मोजणी तेराला, आणि मधली गफलत एका रुंद रकान्यातली.

तिरोडकर साहेबांनी जबाब दोनदा वाचला.

"हे तर आम्हाला माहीतच होतं," ते म्हणाले. "पावसाचा दिवस आठ ते आठ. हे काय सांगायला पाहिजे?"

"मग सर, सतरावं पान..."

"सतरावं पान मसुदा होता. मसुद्यात असं असायचंच."

हुद्देदार मात्र खचले. "म्हणजे उणे जातं," ते पुटपुटले. "बाराच्या सकाळी दहापासून धरलं, तर अधिक साडेआठ तास येतात. हे कुठल्याही नदीला येतात." त्यांनी एक भेंडोळं गुंडाळून पिशवीत घातलं.

"बोलवा त्याला," साहेब म्हणाले.

मगदूम आत आला. हात जोडले, टोपी काढली, परत घातली. त्याला खुर्ची दिली, पण तो बसला नाही.

"मगदूम," साहेब म्हणाले, "पाऊस बाराला पडला हे समितीनं शोधून काढलेलं आहे. तुम्ही दारं उघडण्याच्या आधी पाऊस पडला होता. समाधान?"

मगदूमनं माझ्याकडं पाहिलं. त्याचा चेहरा, घडी घातलेलं धोतर झटकून वाळत घालावं तसा, लांबलचक उलगडला. "लई उपकार झालं साहेब."

"आता मला सांगा. पाऊस सुरू झाला सकाळी दहाला. इथं लेखी आहे. दारं उघडली दुपारी चारला. मधले सहा तास तुम्ही काय करत होतात?"

मला वाटलं मी प्रश्न नीट ऐकला नाही. मग लक्षात आलं, की नीटच ऐकला, आणि तो प्रश्न मी स्वतः दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून आणला होता.

"पाणी बघत हुतो साहेब," मगदूम म्हणाला. "दर तासाला लिवलंय."

"बघत होतात. आणि ते चढत होतं."

"व्हय."

"दहा-अकराच्या सुमाराला एकेक दार फूटभर उचललं असतं, तर पाणी हळूहळू नदीपात्रातून निघून गेलं असतं. बरोबर ना हुद्देदार?"

"हो सर. तसं गणित येतं," हुद्देदार म्हणाले. "चारला सहाही दारं एकदम उचलावी लागली, म्हणून तो लोंढा आला. आधी उचलली असती तर मालेवाडीत पाणी शिरलं नसतं. फार तर नदीकाठचा घाट बुडाला असता."

"म्हणजे आधी आमचा समज होता, की तुम्ही विनाकारण उघडली. आता दिसतंय, की तुम्ही उशिरा उघडली. हे जास्त गंभीर आहे, मगदूम. विनाकारण चूक एखाद्याकडून होते. पण सहा तास?"

"मी फोन केला हुता साहेब. अकरा वाजून धा मिन्टांनी."

"कोणाला?"

"विभागाच्या पूर नियंत्रण कक्षाला. आमचं शाखा अभियंता साहेब रजेवर हुतं. वरनं हुकूम आल्याबिगर दाराला हात लावायचा न्हाई, असा कागद हाय. तो आमच्या खोलीत भिताडाला लावलाय, काचेत."

"मग काय सांगितलं कक्षानं?"

"त्यांनी इचारलं, पाऊस किती मिलिमीटर? मी म्हटलं, समोरचा डोंगर दिसत न्हाई एवढा. ते म्हणाले, डोंगर नको, मिलिमीटर सांगा. मी म्हटलं, मिलिमीटर गुरुजी देत्यात, उद्या सकाळी आठला. ते म्हणाले, मग उद्या आठनंतर फोन करा."

हुद्देदार हसायला लागले होते, पण अध्यक्षांकडं बघून त्यांनी त्याचा खोकला केला.

"कोण बोलत होतं कक्षातून?"

मगदूम पंख्याकडं बघत राहिला. पंखा तीन पात्यांचा होता आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"नाव इचारलं न्हाई साहेब. पत्र्यावर पाऊस वाजत हुता. नीट ऐकू येत न्हवतं."

तो मी होतो.

हे मी आधी सांगितलं नाही. समितीलाही सांगितलं नव्हतं, तेव्हा कुणी वाईट वाटून घेऊ नये. बारा ऑगस्टला पूर नियंत्रण कक्षात सकाळी आठ ते रात्री आठ माझी पाळी होती. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं, कुणाची तरी सायकल चमकत होती. टेबलावर दिवसाच्या अहवालाचा छापील नमुना होता आणि त्यात मिलिमीटरसाठी चौकोन होता, डोंगरासाठी नव्हता. आमच्या विभागाच्या साहेबांना फोन लावायचा तर ते पहिला प्रश्न काय विचारणार ते मला माहीत होतं. मी मगदूमला जे विचारलं ते तेच. मी नोंदवहीत व्यवस्थित लिहिलं: '११.१० — घोणशी धरण — मोठा पाऊस असल्याचे कळविले — आकडा नाही.' मग जेवायला गेलो. डबा खाऊन आलो, वर्तमानपत्र वाचलं. चार वाजता घोणशीहून पुन्हा फोन आला तेव्हा तो विचारायला नव्हता, कळवायला होता.

आणि तारखेचा घोळ शोधायला मी रविवारचा दिवस घालवून दुधाच्या टेम्पोतून घाटात का गेलो, हेही मग सांगायला हरकत नाही. पाऊस आधी पडला एवढं सिद्ध झालं, की मगदूम सुटेल, प्रकरण मिटेल, आणि फोनाबद्दल कुणी विचारणारच नाही, असा माझा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. फक्त गुरुजींना अर्धवट जबाब आवडत नव्हता.

"नियंत्रण कक्षाची नोंदवही मागवा," तिरोडकर साहेब म्हणाले. "फोन केला असेल तर नोंद असेलच. रीतसर पत्र काढा. गणपुले, पत्र आजच गेलं पाहिजे."

पत्र मी लिहिणार, पाठवणार मी, आणि ज्या कक्षाला ते जाणार त्याचा प्रभार त्या महिन्यात माझ्याकडेच होता. यात गैर काही नव्हतं. आमच्याकडं माणसं कमी होती.

मगदूम व्हरांड्यात थांबला होता. मी त्याला टाळून जिन्याकडं निघालो, तर तो माझ्यामागं आला.

"साहेब."

"हं."

"तुमचं नाव घ्याचं न्हाई, असं मी आत उभा हुतो तवाच ठरवलं."

मी जिन्याचा कठडा धरला. कठड्याला नुकताच रंग दिला होता. "तुम्हाला माहीत होतं?"

"आवाज वळखत न्हाई व्हय मी? तीन वर्सं पातळी कळवतोय तुमास्नी." तो अगदी साध्या आवाजात बोलत होता, आणि मला त्याचाच त्रास होत होता. "पण तुम्हीच घाटात जाऊन तारखेचं शोधलं. आता तुमचंच नाव घेतलं, तर ते म्हणतील, हा साहेबच अंग काढून घ्याला तारीख हलवतोय. मग पाऊस परत तेरालाच जायाचा. माझी ती एक वळ जायाची. तेवढी वळ ऱ्हाऊ द्या साहेब."

यावर मी काहीतरी बोलायला हवं होतं. बोलण्यासारखं बरंच होतं. मी आयुष्यात अनेकदा ते मनातल्या मनात बोललेलो आहे, चांगल्या शब्दांत.

"एस.टी. किती वाजता आहे?" मी विचारलं.

"साडेपाचला."

"मग निघा. जागा मिळायची नाही."

तो गेला. माझ्या हाताला हिरवा रंग लागला होता. तो दोन दिवस गेला नाही.

अहवाल डिसेंबरात आला. एकशे बारा पानं, आठ नकाशे, हुद्देदारांचे अकरा आलेख. प्रास्ताविकात माझे आभार मानले होते, 'पर्जन्यनोंदींतील दिनांकविषयक त्रुटी निदर्शनास आणल्याबद्दल'. निष्कर्ष चौऱ्याण्णवाव्या पानावर होते. परिच्छेद चार: कोंडवी खोऱ्यातील अतिवृष्टी ही दरवाजे उघडण्यापूर्वी झालेली असल्याचे निर्विवादपणे सिद्ध होते. परिच्छेद पाच: दरवाजे उघडण्यास द्वारचालकाने सुमारे सहा तास अक्षम्य विलंब केला. परिच्छेद सहा: नियंत्रण कक्षास दूरध्वनी केल्याचा द्वारचालकाचा दावा नोंदवहीवरून सिद्ध होत नाही.

मगदूम बडतर्फ झाला नाही. त्याच्यावर ताशेरे आले, आणि त्याला दारांवरून काढून कालव्याच्या शेपटाला टाकलं, जिथं पाणी पोचत नव्हतं. म्हणजे तिथं त्याच्याकडून काही होण्यासारखं नव्हतं.

जानेवारीत तो कार्यालयात आला. अहवाल त्याला कुणीतरी वाचून दाखवला होता.

"साहेब, चार नंबरच्या वळीची नक्कल पायजे. सही-शिक्क्याची."

मी चौऱ्याण्णवावं पान काढून झेरॉक्सला दिलं. मग त्यानंच माझा हात धरला.

"सबंध पान नको. खालचं झाकून निघंल का?"

"खालचं म्हणजे?"

"पाच नंबर. आन सहा."

मी एक कोरा कागद घेतला आणि पाच नंबरवर ठेवला. तो थोडा वर सरकत होता, म्हणून मगदूमनं स्वतः बोटानं धरला. प्रत निघाली. वर शासकीय बोधचिन्ह, मध्ये परिच्छेद चार, आणि खाली भरपूर मोकळी जागा. मी त्या मोकळ्या जागेत 'सत्यप्रत' असा शिक्का मारला आणि सही केली. त्यानं कागद वाचला. ओळीवरून बोट फिरवत, सावकाश. मग घडी न घालता पिशवीत सरकवला.

"बरं हाय," तो म्हणाला. "मोठ्या अक्षरात हाय."

सहा नंबरबद्दल त्यानं मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर साधं होतं. समितीचं पत्र मिरजकरनं टंकित केलं होतं. त्यात आता कसलीही चूक राहू नये म्हणून त्यानं दुरुस्त तक्त्यावरून शब्द उचलले होते: 'पर्जन्यमापन केल्याच्या दिनांकाचे नोंदवहीतील पान सादर करावे.' पर्जन्यमापन तेरा ऑगस्टला झालं होतं. मी पत्र दोनदा वाचलं, खाली सही केली, आणि दुसऱ्या दिवशी कक्षाचा प्रभारी म्हणून ते मला मिळालं तेव्हा तिसऱ्यांदा वाचलं. मागितलं होतं तेच पान मी पाठवलं.

तेरा ऑगस्टलाही पाळी माझीच होती. त्या पानावर दिवसभरात एकच ओळ आहे: 'पाऊस निरंक. दूरध्वनी निरंक. नदी पात्रात.'